फ्लॅश लावला की एक फोटो काळपट, एक पांढराफटक : दोष कुणाचा?

कोयनाकाठ
मंडळी, मामेबहिणीचा साखरपुडा आलाय आणि फोटो मी काढायचे असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मला आवडेलच, पण सध्या फ्लॅशने वैताग आणलाय.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर. लेन्स १८-१३५ एमएमची झूम, एफ (लेन्सचं भोक; आकडा जितका लहान तितकं भोक मोठं) ३.५ ते ५.६ वाली. वर बाहेरचा टीटीएल फ्लॅश (लेन्समधून आलेला उजेड मोजून ताकद ठरते तो), कॅमेऱ्याच्या कंपनीचा नाही पण त्याच कॅमेऱ्यांसाठी बनवलेला. मोड मॅन्युअल, शटर १/१२५, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ४००, एफ कधी पूर्ण उघडा, कधी ८, कधी ११, जसं लागेल तसं. फ्लॅश बहुतेक वेळा छताकडे वळवून.

तक्रारी दोन. मुंजीला कार्यालयात १८ वर काढलेले फोटो छान आले, पण तिथूनच, त्याच जागेवर उभं राहून १३५ पर्यंत झूम केलं की फोटो काळपट. आणि घरी बारशाला याच्या अगदी उलट, चांगले फोटो येत असताना मध्येच एखादा पांढराफटक, बाळाच्या चेहऱ्यावर नाक-डोळेसुद्धा दिसेनात. पुढचा परत बरा. सेल बदलले, कॅमेरा रीसेट केला, फरक शून्य. लेन्स बिघडलीये, फ्लॅश बिघडलाय की कॅमेरा? कुठून सुरुवात करू?

तिरपागडा
एक काळा, एक पांढरा, सरासरी काढली तर १८ टक्के करडा येतो. मीटर खूश आहे बघा :)
(जाणकार येतीलच, तोवर मी पहिली खुर्ची पकडतो.)

गडवाट
फ्लॅश काढून ठेवा सरळ. ५० एमएम एफ १.८ घ्या, आयएसओ ३२०० ठेवा. एफ ५.६ च्या तुलनेत जवळपास दहापट उजेड आत येतो. कुणाच्या डोळ्यावर झगमगाट नाही, मागची रोषणाईपण छान येते. मी तर घरातल्या कार्यक्रमाला फ्लॅश बॅगेतून बाहेरच काढत नाही.

खटपट्या
@कोयनाकाठ, थोडी माहिती हवी.
कार्यालयाचं छत किती उंच होतं आणि रंग कुठला? पांढराफटक फोटो फक्त घरीच आले की कार्यालयातपण? त्या फोटोंची एक्झिफ माहिती (कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये नोंदवतो ती) बघा, एफ किती होता? आणि फ्लॅशच्या डोक्याचा झूम (झोत अरुंद-रुंद करणारा) ऑटोवर आहे की हाताने लावलेला?

काळपट आणि पांढरा ही दोन वेगळी दुखणी असण्याची शक्यता जास्त आहे. एकच कारण शोधत बसलात तर आठवडा जाईल.

कोयनाकाठ
छत बरंच उंच, अंदाजे वीस फूट, पांढरं पण पंखे आणि पीओपीची नक्षी वगैरे. कार्यालयाच्या आत पांढरा एकही नाही. पण बाहेर गेटपाशी रात्री ग्रुप काढले तेव्हा फ्लॅश सरळ समोर होता, तिथे दोन-तीन पांढरे आलेत. एफ बघून सांगते. डोकं ऑटो झूमवर आहे.

डार्करूम
पोरी, कोल्हापुरात स्टुडिओ होता आमचा, रिळाच्या काळातला. तेव्हा फ्लॅशच्या पाठीवर एक चकती असायची. आयएसओ लावायचा, अंतर बघायचं, समोर एफ वाचायचा. सगळा हिशोब एका आकड्यावर, गाइड नंबर. गाइड नंबर भागिले एफ म्हणजे फ्लॅश किती मीटर पोचणार ते, आयएसओ १०० ला. कॅमेऱ्यातला जो छोटा उघडणारा फ्लॅश असतो त्याचा नंबर १२-१३ च्या आसपास. एफ ५.६ ला तो २ मीटरच्या थोडा पुढे पोचतो, बास. आयएसओ ४०० केला की दुप्पट, म्हणजे सव्वाचार मीटर. क्रिकेटच्या स्टेडियममध्ये वरच्या गॅलरीतून लोक फ्लॅश मारायचे तेव्हा मला त्यांच्या सेलची दया यायची.

टीटीएल आलं म्हणून हे गणित गेलेलं नाही. फक्त चकती आत गेलीय.

खटपट्या
आबा, एक नंबर. तेच गणित कार्यालयाला लावून बघू.

फ्लॅशच्या खोक्यावर ५८ किंवा ६० असा नंबर असतो, तो बहुतेक वेळा डोकं पूर्ण झूम केलेलं असतानाचा. कॅननचा ५८०ईएक्स टू ५८ म्हणतो ते १०५ एमएमला. निकॉनचा एसबी-७०० स्वतःला २८ म्हणवतो पण ते ३५ एमएमला, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून कुठला दुप्पट ताकदीचा असं ठरवू नये. शिवाय डोकं वर वळवलं की बहुतेक फ्लॅश ऑटो झूम सोडून ५० एमएमवर जाऊन बसतात. लेन्स १३५ ला नेली तरी डोकं ५० लाच. तिथे धरू गाइड नंबर ४०.

आता उजेड जाणार वर आणि येणार खाली. वीस फुटी छताला हा रस्ता सहज ९ मीटर होतो. ४० भागिले ९ म्हणजे एफ ४.४. छत उजेड खातं, पसरवतं, त्याचे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) वजा करा. उरलं एफ २.२, आयएसओ १०० ला. ताईंनी आयएसओ ४०० ठेवलाय म्हणजे पुन्हा एफ ४.४.

१८ एमएमला लेन्स ३.५ ला उघडते, भागलं. १३५ ला ती ५.६ च्या पलीकडे उघडतच नाही, तिथे उजेड अडीचपट कमी. फ्लॅश पूर्ण ताकदीने मारला तरी पुरत नाही. म्हणून काळपट. आयएसओ १६०० करा, पहिली तक्रार मिटली.

कोयनाकाठ
खटपट्या, हे पटतंय, पण मग टीटीएल कशासाठी? एफ बदलला की फ्लॅशने आपोआप जास्त मारायला हवं ना?

सर्किट
मारतो की, पण कपॅसिटरमध्ये जेवढं साठलंय तेवढंच. टीटीएल फक्त किती वेळ जळायचं ते ठरवतं. पूर्ण ताकदीला एक हजारांश सेकंदाच्या आसपास, कमी ताकदीला त्याच्या कितीतरी कमी. पूर्ण रिकामा झाल्यावर अजून दे म्हणून उपयोग नाही.

आणि हे फ्लॅश सांगतो, कुणी बघत नाही एवढंच. निकॉनच्या फ्लॅशवरचा तयार-दिवा पूर्ण ताकदीने मारल्यावर तीनेक सेकंद लुकलुकतो, म्हणजे 'होतं तेवढं दिलं, कमी पडलं असेल.' कॅननच्या कित्येक फ्लॅशवर उलटी पद्धत आहे, एक्स्पोजर नीट झालं तर वेगळा दिवा तीन सेकंद लागतो, नाही लागला तर समजा कमी पडलं. तुमचा दुसऱ्या कंपनीचा आहे, माहितीपुस्तकात बघा काय सोय दिलीय.

सेलबद्दल, दिवा लागला म्हणजे कपॅसिटर काठोकाठ भरला असं नसतं. लागोपाठ मारत गेलात तर दुसरा-तिसरा फोटो काळा येणारच. साधे पेन्सिल सेल फ्लॅशला घालू नका. निकेल मेटल हायड्राइड रिचार्जेबल घ्या, १.२ व्होल्टचे असले तरी करंट झटकन देतात.

एडिसनकर
पांढऱ्या फोटोंबद्दल माझा अंदाज. इकडे न्यू जर्सीत मंडळाचे कार्यक्रम शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होतात, मागे काळा पडदा, पुढे दोन माणसं. कॅमेरा तो काळा पडदा बघतो, त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, तो फ्लॅशला जास्त मारायला लावतो आणि चेहरे जळतात. गेटपाशी रात्री ग्रुप म्हणजे मागे काळोखच असणार. फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅश मुद्दाम कमी-जास्त करायची सोय) उणे १ करा.

याच्या उलट पांढरं धोतर, पांढरी साडी, मागे आरसा किंवा काचेचं कपाट असलं की फोटो काळा. पैठणीच्या जरीवर फ्लॅश चमकला तरी तेच. तिथे अधिक १.

नाचणी_भाकर
अनुमोदन. आमच्याकडे देवघरात चांदीच्या प्रभावळीमुळे दरवर्षी गणपतीचा फोटो काळा यायचा, बाजूच्या भिंतीवर फ्लॅश वळवल्यापासून झकास येतो. कौलारू घर आहे, वर पांढरं छत नाहीच, नुसते वासे आणि कौलं, त्यामुळे भिंत हाच आधार.

अवांतर : आजोबांचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेले का येतात? मोबाइलवर उघडे येतात.

सर्किट
@नाचणी_भाकर, कारण टीटीएल फ्लॅश दोनदा मारतो. आधी बारीकसा मोजणीचा, मग खरा. काही लोकांच्या पापण्या पहिल्याला मिटतात आणि दुसऱ्याला मिटलेल्या सापडतात. कॅननमध्ये एफईएल, निकॉनमध्ये एफव्ही लॉक म्हणून सोय आहे, ती दाबली की मोजणीचा झटका आधीच होऊन जातो. मग 'आजोबा, इकडे बघा' म्हणा आणि सावकाश फोटो काढा.

नाचणी_भाकर
वा! दिवाळीला करून बघते. एवढी वर्षं आम्ही आजोबांनाच दटावतोय.

लग्नसराई
मी बार्शीचा, लग्नाचे फोटो हाच धंदा. ताई, पांढऱ्या फोटोचं अजून एक कारण सांगतो जे पाहुण्यांच्या डोक्यात येत नाही. कार्यालयात ठेक्याच्या फोटोग्राफरनं छत्री लावून दोन लाइट उभे केलेले असतात आणि त्यातले बरेच दुसऱ्याचा फ्लॅश बघून पेटतात. पाहुण्यानं कॅमेरा उचलला की आमचे लाइट उडतात. तुमच्या फोटोत ते सापडले तर तुमचा फोटो पांढरा, आणि आमचे लाइट रिकामे झाले म्हणून आमचा काळा. सावली बघा फोटोत. दोन सावल्या असल्या, एक तुमच्या मागं आणि एक भलत्याच बाजूला, तर हेच.

आणि मंडपात फ्लॅश वर मारताना कापडाचा रंग बघा. पिवळ्या कापडाखाली सगळे हळद लागल्यासारखे येतात, मग हळदीचे फोटो आणि लग्नाचे फोटो ओळखू येत नाहीत.

कोयनाकाठ
लग्नसराई दादा, बारशाला घरी दुसरा फ्लॅशच नव्हता, त्यामुळे ते नाही. एडिसनकर, काळ्या पडद्याचं गेटपाशी जमेल, पण घरी मागे फिकट पिवळी भिंत होती आणि पाळण्याचे ओळीने काढलेले फोटो आहेत, तीच चौकट, तेच बाळ, त्यात एकच पांढरा.

आणि खटपट्या, एक्झिफ बघितली. पांढरे आलेले सगळे एफ ८ किंवा एफ ११ चे आहेत. पूर्ण उघड्या एफवर एकही नाही.

अबोली
मध्येच विचारते, रागावू नका. माझ्या फोटोत खालच्या बाजूला काळं येतं. फ्लॅश कॅमेऱ्यातलाच. हाही फ्लॅशचाच प्रॉब्लेम का?

खटपट्या
@अबोली, सरळ पट्टी की अर्धगोल?

अबोली
अर्धगोल. झूम न करता काढला की येतं, झूम केलं की जातं.

खटपट्या
मग ती लेन्सची सावली. हूड, म्हणजे लेन्सपुढचं कडं, काढा, आणि थोडं मागे होऊन थोडं झूम करून काढा. कॅमेऱ्यातला फ्लॅश फार बुटका असतो, लांब लेन्सवरून त्याचा उजेड पलीकडे जात नाही.
सरळ पट्टी आली असती तर शटर. बहुतेक डीएसएलआरला फ्लॅशबरोबर १/२०० किंवा १/२५० च्या वर जाता येत नाही, त्याच्या पुढे पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात आणि पडद्याची सावली पट्टीसारखी येते. हायस्पीड सिंकने जाता येतं पण फ्लॅशची ताकद बरीच घटते.
आणि बाहेरचा फ्लॅश असताना चारही कोपरे काळे आले तर डोक्याचा झूम लेन्सपेक्षा लांब अडकलाय.

अबोली
हूड काढलं, गेलं!! मी दुकानात न्यायला निघाले होते. आभारी आहे.

गडवाट
बघा, शेवटी किती भानगडी. मी म्हणतो ते ऐका, ५० एफ १.८.

लग्नसराई
गडवाट भाऊ, गडावर आणि घरात तुमचं बरोबर आहे. कार्यालयात स्टेजवर जांभळे-निळे एलईडी लावतात हल्ली, नवरीचा चेहरा जांभळा येतो तो एडिटिंगमध्ये कितीही ओढला तरी कातडीचा रंग परत येत नाही. वरून डाउनलाइट, डोळ्यांखाली खड्डे. तिथं फ्लॅशच चेहरा वाचवतो. आणि एफ १.८ ला नवरा धारदार, नवरी धूसर, आल्बम घेऊन सासरचे आले की उत्तर कोण देणार? तुम्ही दोघांचे फोटो काढता का एका वेळी?

गडवाट
बरं, जांभळा एलईडी मान्य. दोघांना एका रेषेत उभं करायचं, बाकी माझं मत कायम.

खटपट्या
@कोयनाकाठ, तुमच्या एक्झिफने खरं काम केलं. आणि मला एक गोष्ट पहिल्यापासून खटकतेय. माझ्याच गणिताने कार्यालयात एफ ८ ला काढलेले आतले ग्रुप चांगले पावणेदोन स्टॉप काळे यायला हवेत. तुम्ही म्हणताय फक्त झूमवाले काळे. ग्रुप बरे आले का?

कोयनाकाठ
हो, काही बरे, काही काळे. मला वाटलं छताच्या पंख्यांमुळे.

खटपट्या
पंखे नाहीत. एफ ८ लावला असताना लेन्स खरोखर एफ ८ ला मिटतच नसावी. एका वेळी एकच गोष्ट बदलून तपासा, ट्रायपॉड नसला तर टेबलावर पुस्तकांची थप्पी, समोर कुठलीही एकरंगी वस्तू, दर वेळी पाच-सहा फ्रेम, मध्ये फ्लॅश पूर्ण भरू द्या.

पहिल्यांदा टीटीएलवर, पूर्ण उघडा एफ. मग टीटीएलवरच एफ ११. नंतर फ्लॅश मॅन्युअल १/८ ताकदीवर, पुन्हा दोन्ही एफ. शेवटी फ्लॅश बंद, खिडकीच्या उजेडात एफ ५.६, ८, ११, १६, प्रत्येक वेळी शटर तेवढ्याच स्टॉपने मोठं करत.

टीटीएलवर उघड्या एफलासुद्धा उडी मारत असेल तर फ्लॅश आणि कॅमेऱ्यातला संवाद तुटतोय, हॉटशूच्या (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो त्या खाचेच्या) पिना घाण किंवा फ्लॅश पूर्ण आत सरकलेला नाही. मधली पिन लागली आणि बाजूच्या सुटल्या तर कॅमेऱ्याची आज्ञा पोचत नाही आणि फ्लॅश भलत्याच ताकदीने मारतो. मॅन्युअल १/८ ला उघड्या एफवर उडी मारत असेल तर फ्लॅशच आजारी. आणि फक्त मिटलेल्या एफवर, फ्लॅश बंद असतानासुद्धा उजेड बदलत असेल तर लेन्सची पाती, म्हणजे एफचं भोक लहान-मोठं करणारी.

सर्किट
महत्त्वाची भर : ती शेवटची चाचणी ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली करू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० सारख्या शटरला एक फोटो उजळ एक काळा येईल आणि तुम्ही बिचाऱ्या लेन्सला दोष द्याल. दिवसाचा उजेडच वापरा, आणि ढग सारखे येत-जात असतील तर थांबा.

हॉटशूच्या पिना पुसायला कोरडं स्वच्छ सुती कापड, लागलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा जातो.

डार्करूम
आणि कुणी या निमित्ताने माळ्यावरचा जुना फ्लॅश काढून डिजिटल कॅमेऱ्यावर लावून बघणार असेल तर थांबा. जुन्या काही फ्लॅशच्या पिनेवर २०० व्होल्टच्या वर दाब असतो. रिळाच्या कॅमेऱ्यात नुसता पत्र्याचा संपर्क होता, त्याला काही व्हायचं नाही. आताच्या सर्किटला ते सोसेलच असं नाही. आधी मल्टीमीटर लावायचा.

तिरपागडा
माळ्यावर चढलेलो, उतरतो.

कोयनाकाठ
निकाल. आज सकाळी भरपूर ऊन, दक्षिणेची खिडकी, समोर करड्या रंगाची उशी.

टीटीएल, उघडा एफ : सगळे सारखे. टीटीएल, एफ ११ : दोन बरोबर, बाकी उजळ, एक पांढराफटक. मॅन्युअल १/८, उघडा एफ : सगळे सारखे. मॅन्युअल, एफ ११ : परत उड्या. फ्लॅश बंद : ५.६ आणि ८ मध्ये थोडा फरक, ११ ला बराच उजळ, १६ ला तर पहिली फ्रेम धुतल्यासारखी आणि नंतरच्या हळूहळू बऱ्या.

म्हणजे लेन्स?

खटपट्या
लेन्स. फ्लॅश निर्दोष, कॅमेरा निर्दोष.

डार्करूम
पाती चिकटतायत. कॅमेऱ्यावर पुढच्या अंगाला डेप्थ ऑफ फील्डचं बटण असेल, एफ ११ लावून ते दाब आणि समोरून टॉर्च मारून लेन्समध्ये बघ. पाती झटकन मिटून छोटं भोक झालं पाहिजे. सावकाश मिटली, अर्ध्यावर थांबली किंवा पात्यांवर तेलाची चकाकी दिसली की समजायचं.

पहिली फ्रेम धुतलेली आणि मग बरी, हेही जुळतं. चिकटलेली पाती दोन-चार वेळा हलली की थोडी मोकळी होतात. बारशात ओळीतला एखादाच फोटो पांढरा यायचा तो त्यामुळेच.

एडिसनकर
माझा काळा पडदा इथे लागू नाही, मान्य. पण यात फ्लॅश जास्त का भडकतो ते सांगतो. लेन्स बघताना आणि मोजताना नेहमी पूर्ण उघडी असते. मोजणीचा झटका होतो तोही उघड्या लेन्समधून. कॅमेरा हिशोब करतो, 'आता एफ ११ ला मिटणार, तर अमुक इतका फ्लॅश दे.' मग पाती मिटायला जातात आणि अडकतात एफ ५.६ पाशी. हिशोब ११ चा, उजेड आला ५.६ चा, चौपट. आणि मोजणी आधीच उरकलेली, त्यामुळे कुणी थांबवणारं नाही.

डार्करूम
बरोबर. आणि म्हणूनच रिळाच्या टीटीएलमध्ये हा दोष फ्लॅशला दिसायचा नाही. ऑलिंपसचा ओएम-२ १९७५ चा, त्यात फोटो होत असतानाच रिळावरून परतणारा उजेड मोजायचे आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडायचे. पाती अडकली तरी फ्लॅश लवकर तुटायचा, फोटो बरा. डिजिटल सेन्सरवरून उजेड तसा परतत नाही म्हणून डिजिटलमध्ये हा आधीचा झटकाच लागतो. कॅननचं ई-टीटीएल १९९५ चं, निकॉनचं आय-टीटीएल २००३ चं, दोन्ही आधी मोजतात मग मारतात. सोय झाली, पण लेन्सचा खरेपणा गृहीत धरला गेला.

सर्किट
आबा, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

कोयनाकाठ
बघितलं टॉर्चने. दोन पात्यांवर तेलकट चकाकी आहे, आणि भोक कधी गोल होतं कधी मोठंच राहतं. घरात लेन्स कपाटात असते, पाण्याचा संबंध नाही, तेल आलं कुठून?

आणि खरा प्रश्न, साखरपुडा रविवारी आहे. दुरुस्तीला दिली तर तोवर येणार नाही. दुसरी लेन्स नाही. काय करू?

डार्करूम
तेल बाहेरून येत नाही. झूम आणि फोकसच्या चकत्यांना आतून ग्रीस असतं, उन्हाळ्यात गाडीत वगैरे तापली की ते पातळ होऊन पात्यांवर उतरतं. एप्रिल-मेत गाडीच्या काचेखाली कॅमेऱ्याची बॅग ठेवणारे मी खूप पाहिलेत.

लग्नसराई
दुरुस्तीला देऊ नका आत्ता. लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढा सगळा साखरपुडा. पाती हललीच नाहीत तर अडकणार कुठं? १८ ला ३.५, १३५ ला ५.६, जिथं जे सर्वात लहान येतं ते. मॅन्युअलमध्ये झूम केल्यावर आकडा तपासत जा, काही कॅमेरे १३५ वरून परत १८ ला आलं की ५.६ च धरून ठेवतात, मग १८ ला पाती थोडी मिटणार.
आयएसओ १६००, फ्लॅश छताला, छत फारच उंच असलं तर मागच्या पांढऱ्या भिंतीला. अंगठ्या घालताना हाताचा फोटो जवळून घ्याल तिथं सोनं चमकून फोटो काळा येईल, अधिक पाऊण-एक द्या.

कोयनाकाठ
पण ग्रुपला एफ ३.५? मागची रांग धूसर येईल ना?

खटपट्या
१८ एमएमला नाही येणार. क्रॉप सेन्सरला १८ एमएम, एफ ३.५, फोकस ३ मीटरवर : साधारण १.९ मीटरपासून ७.७ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट. तीन रांगा आरामात बसतात. ३५ एमएमला ४ मीटरवर फोकस केलात तर ३.१ ते ५.५, दोन रांगांना तेही पुरे. फोकस पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यावर. मागच्या रांगेवर नको, पुढे जागा कमी असते आणि मागे जास्त. आणि अगदी १८ ला कडेला कुणाला उभं करू नका, माणूस रुंद दिसतो आणि ते फोटोग्राफरला ऐकावं लागतं.

गडवाट
म्हणजे शेवटी सगळे उघड्या एफवरच आले. मी पहिल्या प्रतिसादात काय सांगितलं होतं? :)

लग्नसराई
फ्लॅशसकट आलो भाऊ :)

कोयनाकाठ
साखरपुडा झाला. सगळं पूर्ण उघड्या एफवर, आयएसओ १६००, एकही पांढरा नाही. झूमवाले दोन-चार किंचित काळपट होते, लागोपाठ काढले तिथले, सर्किट म्हणाले तसंच, फ्लॅश भरायला वेळ लागतो. एफईएल वापरून आत्याचे डोळे उघडे मिळाले, ती फारच खूश आहे, तो फोटो फ्रेम करायला दिलाय.

लेन्स पुण्याला दुरुस्तीला दिली. त्यांनी उघडून दाखवली, पात्यांवर तेलच होतं. पाती काढून स्वच्छ करून परत बसवतील म्हणाले. नवीन लेन्सच्या किमतीपुढे खर्च थोडाच आहे, म्हणून हो म्हटलं.

नाचणी_भाकर
छानच! माझ्याकडेपण १८-५५ आहे आणि एफ ८ ला कधीकधी उजळ येते. पण कोकणातली दमट हवा, म्हणून मला बुरशी वाटत होती.

डार्करूम
बुरशीने फोटो असा उजळ-काळा होत नाही, धुरकट होतो, दिव्यापुढे धरलं की कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तुझीही खिडकीत एफ ११-१६ ची तपासणी कर आणि इथेच टाक निकाल.

नाचणी_भाकर
आज ढग आहेत आबा. उद्या ऊन पडलं की टाकते.

खटपट्या
@कोयनाकाठ, लेन्स परत आली की दुकानातून निघायच्या आधी तिथेच दारात एफ १६ च्या पाच-सहा फ्रेम काढा. पहिली फ्रेम नीट बघा.

कोयनाकाठ
आज आणली. दारातच काढल्या, त्यांनीच खुर्ची पुढे केली समोर ठेवायला. पहिलीपासून सगळ्या सारख्या.